नवव्या ग्रीनची वाटणी

वनमाला गोल्फ क्लबच्या फाटकातून आत आली तेव्हा शेवंती नवव्या ग्रीनवर, झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, दव झाडत होती. लांब बांबू गवतावरून सपसप फिरवायचा, पाणी खाली पाडायचं, रोज सकाळचं पहिलं काम. तो बांबू जागच्या जागी थांबला. आता ही बया इथे कशाला कडमडली? सगळी मुंबई ओस पडली होती का हिला कामाला जायला?

वनमालेच्या पुढे अण्णा चालत होते. अण्णा म्हणजे क्लबचे सुपरवायझर. गवत, माळी, निंदणीच्या बायका, सगळं त्यांच्या हाताखाली. माणूस वाईट नव्हता, पण बायकांच्या भांडणातलं त्यांना ओ की ठो कळत नसे.

"शेवंते, ही नवी बाई. तुझ्या शेजारची पात देतो हिला. काम दाखव जरा."

"माझ्या शेजारी नको."

"का गं?"

"जाऊ आहे ती माझी."

"अरे वा! मग तर झकास. घरचंच माणूस की," अण्णा म्हणाले आणि हसत निघून गेले. घरचं माणूस! शेवंतीच्या तोंडात शिवी आली होती, पण अण्णांच्या पाठीवर शिवी घालून काय उपयोग, म्हणून तिनं ती गिळली.

घर कसलं, चाळीतल्या दोन खोल्या होत्या, मागाठाण्याला, मध्ये एक विटेची भिंत. अलीकडे थोरला लवू आणि शेवंती, पलीकडे धाकटा सहदेव आणि वनमाला. दोघे भाऊ एकाच गिरणीत, एकाच साचेखात्यात. संप झाला तसे दोघेही बाहेर बसले. वर्षभर दोन्ही घरांत एकाच हंड्यातली पेज वाटून खाल्ली, खोटं कशाला बोला. आणि मग एका सकाळी सहदेव पोलिसांच्या जाळीच्या गाडीत बसून गिरणीत आत गेला. लवूला न सांगता. चाळीतल्या पोरांनी येऊन सांगितलं तेव्हा लवू दाढी करत होता. त्यानं अर्धी दाढी तशीच ठेवली आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही. त्या दिवसापासून शेवंतीच्या लेखी पलीकडची खोली जळून खाक झालेली. तिथून फोडणीचा वास आला तरी ती खिडकी लावून घ्यायची.

लवू आत गेला नाही तो नाहीच. शेवंतीनं खुरपं हातात धरलं आणि क्लबात लागली. आणि सहदेवला तरी काय मिळालं? गिरणीनं त्याला काही महिने बदलीवर राबवलं आणि कामाला येईनासा झाला तसा काढून टाकला. तेलही गेलं, तूपही गेलं. त्याची बातमी कळली त्या दिवशी शेवंतीनं घरात शिरा केला होता. हो, केला होता! मुली विचारत होत्या, आई आज काय आहे गं? काही नाही, म्हणाली, खावासा वाटला.

आणि आता तीच वनमाला साडीचा काष्टा खोचून तिच्या शेजारी उकिडवी बसली होती.

माघ सरत आला होता. मेंबर लोक या दिवसांना स्प्रिंग म्हणत. बोरिवलीत कसलं आलंय स्प्रिंग! पहाटे अंगावर काटा, दुपारी घामाच्या धारा, आणि नॅशनल पार्कच्या डोंगरावर इथेतिथे पळस, एवढंच. पण गवताला मात्र कळायचं. थंडीनं पिवळी पडलेली ग्रीनची हरळी नवे धागे सोडू लागायची, आणि तिच्याबरोबर तो मेला लव्हाळाही. लव्हाळा वरून उपटला की तुटतो आणि आठ दिवसांत दुप्पट होऊन येतो. त्याच्या खाली गाठ असते, त्या गाठीला बारीक दोरा, दोऱ्याला पुढची गाठ. खुरपं सरळ खाली घालून सगळी माळ बाहेर काढायची आणि हरळीचं मूळ दुखवायचं नाही. बायका ओळीनं बसत, प्रत्येकीची आपापली पात, आणि मागं पडलेल्या बाईची पात शेजारणीनं उरकून द्यायची, अशी रीत. कोकणातल्या शेतात तीच रीत, साहेबांच्या ग्रीनवरही तीच.

शेवंतीनं वनमालेला एक दिवसही काम दाखवलं नाही. दाखवायची गरजही पडली नाही. त्या बाईचा हात असा काही चालायचा की शेजारची विमला खुरपं टाकून बघत बसायची. "बाई गं, मशीनच आहे ही!" विमला म्हणाली, आणि शेवंतीनं तिच्याकडे असं बघितलं की विमलेनं त्या दिवशी पुन्हा तोंड उघडलं नाही.

दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलायचं झालंच तर विमलेच्या नावानं, नाहीतर कावळ्याच्या नावानं. लेकी बोले सुने लागे. "विमले, काही लोकांना लाज कशी वाटत नाही गं?" असं एकीनं म्हणायचं. "विमले, काही लोकांच्या नवऱ्याला घरी बसून चरबी चढलीय म्हणे," असं दुसरीनं. मधल्या मधे विमलेचा जीव मेटाकुटीला आलेला.

असं चाललं असतं तर चाललं असतं. पण अण्णांनी एक दिवस सगळ्या बायकांना नळाजवळ बोलावलं आणि सांगितलं की कमिटीनं एका बाईला कायम करायचं ठरवलंय. होळीच्या आधीच्या रविवारी मोठी मॅच आहे, कप आहे. त्या मॅचच्या आधी निर्णय होईल.

कायम! शेवंतीच्या कानात तो एकच शब्द राहिला. रोजंदारीच्या बायकांना पावसाळ्यात घरी बसावं लागे. ग्रीनवर पाणी साचलं, खेळ बंद, की फाटक बंद. गेल्या पावसाळ्यात शेवंतीनं काय काय केलं ते तिचं तिला माहीत. लोकांची भांडी घासली, कपडे धुतले, धाकटीला ताप असताना तिला उपाशी झोपवलं आणि झोपली म्हणून देवाचे आभार मानले. कायम झालं म्हणजे पावसाळ्यातही काम. छपराखाली बसून माती चाळायची, रोपं करायची, पण काम. तिला दुसरं काही नको होतं. सोनं नको, नाणं नको, चार महिने चूल पेटू दे.

आणि बायकांत जुनी, जाणती कोण? शेवंती. विमला येऊन हळूच म्हणालीसुद्धा, "तुझंच नाव गं, दुसरं कुणाचं असणार?"

पण सेक्रेटरी होते विद्याधर दिघे. पांढरी टोपी, पांढरे बूट, आणि डोक्यात रोज एक नवं खूळ. त्यांनी अण्णांना सांगितलं, काँपिटिशन लावा. क्लबहाउससमोरचं नववं ग्रीन थंडीत फार बिघडलंय. मधोमध वाटणी करा, एक बाजू एका बाईला, एक दुसरीला. अण्णांनी झेंड्याच्या काठीपासून दोन्हीकडे सुतळी ताणली. डोंगराकडची बाजू शेवंतीला. उन्हाकडची वनमालेला.

"हिला कशाला?" शेवंती ओरडलीच. "ही काल आलीय!"

"हात चांगला आहे तिचा. मी काय करू? साहेबांनीच बघितलंय तिचं काम."

"मग मला उन्हाकडची द्या."

"चिठ्ठ्या टाकून झालं ते," अण्णा म्हणाले. कधी टाकल्या, कुणी टाकल्या, देव जाणे.

डोंगराकडच्या बाजूला जांभळाचं मोठं झाड होतं. सकाळी उशिरापर्यंत सावली, दव वाळायचं नाही, हरळी कशी फिकट, आजारी माणसाच्या जिभेसारखी. शेवंती पहाटे सगळ्यांच्या आधी यायची. दव झाडायची, लव्हाळ्याची माळ न् माळ काढायची, लाल माती रेतीत कालवून चाळून वर पसरायची, पाइपनं पाणी द्यायची, नखानं खडे वेचायची. कमरेचे टाके ढिले झाले. आणि सुतळीपलीकडे? पलीकडे वनमाला मजेत यायची, उन्हात पाठ शेकत काम करायची, आणि तिची बाजू दिवसेंदिवस हिरवी होत चालली होती. लव्हाळा शोधायला गेलं तर दोन्हीकडे नव्हता. फरक होता तो रंगाचा. क्लबहाउसच्या व्हरांड्यातूनसुद्धा दिसायचा, इतका.

"विमले," वनमाला म्हणाली, "काहींचा हात लागला की गवतसुद्धा सुकतं बघ. मनातली आग, दुसरं काय."

त्या रात्री शेवंतीला झोप लागली नाही. लवू शेजारी डाराडूर घोरत होता. आणि पडल्या पडल्या तिला सासू आठवली. म्हातारी गावाला माडांच्या आळ्यात मासळी घालायची. तारल्या स्वस्त झाल्या की टोपलीभर आणायची, कुजवायची आणि माडाच्या मुळाशी पुरायची. महिन्याभरात झावळ्या कशा काळ्याभोर! गावभर म्हातारीच्या माडांचं नाव होतं. मासळीवर माड पोसतो, तर चार बोटांच्या गवताची काय बिशाद?

सुट्टीच्या दिवशी ती होडीनं खाडी ओलांडून गोराईला गेली. कोळणीकडे किनाऱ्यावर वाळून खराब झालेल्या तारल्यांचा ढीग पडलेला असायचा, खताला नेतात लोक. तिनं पिठाचा रिकामा डबा भरून घेतला, वर फडकं बांधलं. परतताना होडीतली माणसं नाकाला रुमाल लावून तिच्यापासून सरकून बसली. बसेनात का! तिनं डबा मांडीवर घट्ट धरला.

घरी पाट्यावर तारल्यांचा चुरा केला. लवूनं विचारलं, "हे काय?" "औषध," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी यायच्या आत, तिनं आपल्या बाजूला खुरप्याच्या दांड्यानं बोटभर भोकं पाडली, प्रत्येकात चिमूट चिमूट चुरा घातला, वर रेती लोटली, पाणी दिलं. सुतळीच्या पलीकडे एक कण जाऊ दिला नाही. शत्रूच्या घरात कोण दिवा लावतो?

आणि खरंच, गवतानं रंग धरला. पहिले काही दिवस काही नाही, मग पिवळेपणा गेला, मग पोपटी, मग असा गडद हिरवा की अण्णा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "शेवंते, काय जादू केलीस?" ती हसली नाही, पण मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. दिघेसाहेबसुद्धा आले, बुटाच्या टोकानं गवत दाबून बघितलं, म्हणाले, "व्हेरी गुड." मग नाक मुरडलं. "कसला तरी वास येतोय का, अण्णा?"

"देवनारच्या कचऱ्याचा असेल साहेब," शेवंती पटकन बोलून गेली. "वारा तिकडचा आहे आज."

कुठे देवनार, कुठे बोरिवली! पण साहेबांना पटलं. साहेबांना देवनार फक्त वासानं माहीत होतं.

वनमालेला मात्र पटलं नाही. ती उभी राहिली, नाक वर करून तिनं एकदा श्वास ओढला, आणि तिचे डोळे बारीक झाले. त्याच सासूच्या हाताखाली तिनंही दोन वर्षं काढली होती. तो वास तिला परका नव्हता.

दुपारी बायका भाकरी खायला बसल्या तेव्हा वनमाला विमलेकडे तोंड करून बोलली. "विमले, आमची सासू माडाला मासळी घालायची बरं का. पण वर करवंदीच्या काट्या टाकायची, भरपूर. का, माहितीय? नाहीतर रानडुकरं येतात. वासावर येतात आणि सगळं आळं उकरून ठेवतात. हिथं तर डोंगर पाठीलाच हा. ज्या कोणी शहाणीनं घातली असेल तिनं वेळेत काढून टाकावी म्हणावं."

विमलेला काही कळलं नाही, ती आपली हं हं करत होती. शेवंतीला सगळं कळलं. हातातला घास थांबला. काट्या. हो, म्हातारी काट्या टाकायची, खरं होतं ते. पण ग्रीनवर काट्या कुठे टाकणार? आणि ही कधीपासून माझ्या भल्याची झाली? रंग बघून पोटात दुखायला लागलं, म्हणून भीती घालतेय. मी आपल्या हातानं मासळी उकरून काढावी, गवत पिवळं पडावं, आणि हिनं कायम व्हावं! नवरा जसा दगाबाज तशी बायको.

"विमले," ती म्हणाली, "डुकरं घरभेद्यांच्या दारात येतात म्हणावं. आमच्या नाही."

वनमालेनं भाकरीचं फडकं झटकलं. "मरूंदे तर मग. माका काय करूचा हा!" आणि ती उठून गेली.

मॅचच्या आदल्या दिवशी सकाळी शेवंती फाटकातून आत आली तर नवव्या ग्रीनभोवती माळी जमले होते. पुढे जाऊन तिनं बघितलं. डोंगराकडची बाजू राहिलीच नव्हती. नांगर घालावा तशी उलटीपालटी झालेली माती, हरळीचे गालिचे सोलून फेकलेले, खुरांचे खड्डे, आणि झेंड्याची काठी आडवी. सुतळी तुटून मातीत गेली होती. वनमालेच्या बाजूला कडेला थोडं फाटलं होतं, तेवढंच. बाकी तिचं गवत जसंच्या तसं, हिरवं, शहाण्यासारखं उभं.

दिघेसाहेब लाल झाले होते. इतकी वर्षं डुकरं कधी आली नाहीत, याच वर्षी कशी आली? याच ग्रीनवर कशी? एवढ्या मोठ्या मैदानात दुसरीकडे एक ढेकूळ हललं नाही! त्यांनी माळ्यांना विचारलं, अण्णांना विचारलं. मग वनमालेकडे वळले. "तू इथेच काम करतेस ना? इथे कुणी काही टाकलं होतं का? त्या दिवशी मला वास आला होता. तुला आला होता?"

शेवंती मनात म्हणाली, झालं. संपलं. आता ही बोलणार, आणि का बोलू नये? तिच्या जागी मी असते तर बोंब मारून सांगितलं असतं.

वनमालेनं पदर नाकाला लावला. "नाय साहेब. माका सर्दी आहे. वासबीस काय कळत नाय. डुकरं पाण्याला येतात साहेब, डोंगरावरचं पाणी आटलं ना."

साहेबांना तेही पटलं. नववं ग्रीन मॅचपुरतं बंद केलं, अलीकडे गवतात तात्पुरता झेंडा लावला. आणि अण्णांनी सगळ्यांसमोर सांगितलं की वनमाला कायम. बाकीच्या बायका होत्या तशा रोजावर. शेवंतीसुद्धा.

दुपारी शेवंती नळावर खुरपं धूत होती. शेजारी वनमाला येऊन उभी राहिली, आणि संपाच्या वर्षापासून पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून बोलली.

"का नाही सांगितलं, विचार ना."

शेवंतीनं पाणी बंद केलं नाही. "का नाही सांगितलंस?"

"आमच्या यांचं डोकं फोडलं होतं ना. गिरणीतून येताना, स्टेशनच्या बाहेर, तुझ्या नवऱ्याच्या संपवाल्यांनी. रक्तानं सदरा भिजलेला. मी तुझं दार वाजवलं. वैनी, वैनी म्हणून वाजवलं. तू आत होतीस."

शेवंतीनं धुतलेलं खुरपं पुन्हा पाण्याखाली धरलं. होती ती आत. ऐकलंही होतं. पाटावर बसून तांदूळ निवडत होती आणि निवडतच राहिली होती. लवू घरात नव्हता, त्याच्यावर ढकलायलाही जागा नव्हती. सहदेव तेव्हापासून धड झाला नाही, उभा राहिला की भोवळ येते, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. गिरणीनं त्याला त्यासाठीच काढलं.

"मग सांगायचं होतंस साहेबांना," शेवंती म्हणाली. "फिटलं असतं."

"फिटवायचंच नाय माका." वनमालेचा आवाज अगदी शांत होता. "सांगितलं असतं तर तू गेली असतीस, घरी बसून मला शिव्या घातल्या असत्यास आणि मोकळी झाली असतीस. आता तू रोज यायचं. माझ्या डाव्या हाताला बसायचं. मी रोज तुझ्याकडे बघणार आणि रोज गप्प बसणार. माझ्या गप्प बसण्यावर तुझ्या पोरी जेवणार. कळलं?"

ती गेली. शेवंती नळापाशी तशीच उभी राहिली, पाणी वाहत होतं. अंगाची लाही लाही होत होती. मार खाल्ला असता तिनं, उपास काढला असता. पण हिच्या तोंडावरच्या कुलपावर जगायचं? रोज सकाळी ते कुलूप बघायचं? नाही. मेले तरी नाही. आणि एक मन म्हणत होतं, गप्प बस गं बये, पावसाळा येतोय, मुलींकडे बघ, अभिमान शिजवून घालणार आहेस का त्यांना? ते मन खरं बोलत होतं. तिनं त्याचं ऐकलं नाही.

ती तशीच ओल्या हातांनी अण्णांच्या खोलीत गेली. दिघेसाहेब तिथेच होते, उद्याच्या मॅचचं बोलत.

"साहेब, डुकरं माझ्यामुळे आली."

अण्णांनी मान वर केली आणि क्षणात सगळं ओळखलं असावं, कारण ते घाईघाईनं म्हणाले, "शेवंते, जा घरी जा, ऊन लागलंय तुला. साहेब, दिवसभर उन्हात असतात या."

"ऊन नाही लागलेलं. मी मासळी घातली गवताला. गोराईहून आणून. रंग यावा म्हणून."

दिघेसाहेब तिच्याकडे बघतच राहिले. "मासळी? गोल्फ ग्रीनला?"

"हो. आमच्याकडे माडाला घालतात."

मग जे काय बोलणं झालं ते झालं. साहेब इंग्रजीत बोलले, मराठीत बोलले. अण्णा मध्ये "साहेब, अडाणी आहे हो" असं म्हणाले, तेवढं मात्र तिला लागलं. शेवटी साहेब म्हणाले की उद्यापासून यायचं नाही. आणि मग डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "आणि ती दुसरी? तुझी जाऊच ना ती? तिला माहीत होतं की नाही? खरं सांग. खोटं बोलली असेल तर तिलाही काढतो."

इथे शेवंती थांबली. नळापासून इथवर येताना तिनं ठरवलं होतं की दोघींचंही सांगायचं. बुडायचं तर दोघींनी. शब्द जिभेवर आला होता. सर्दीबिर्दी काही नव्हती साहेब, तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एवढं बोललं की वनमाला आजच रस्त्यावर. पण रस्त्यावर आली की ती काय करील? भिंतीपलीकडे बसून छाती बडवील, मला तळतळाट देईल, आणि मोकळी होईल. तिनंच शिकवलं होतं ना आत्ता, मोकळं करायचं नसतं म्हणून!

"नाही साहेब," शेवंती म्हणाली. "तिला काहीच माहीत नव्हतं. तिला सर्दी होती."

ती बाहेर आली तेव्हा वनमाला आपल्या बाजूच्या फाटलेल्या कडेला हरळीचे तुकडे बसवत होती. शेवंती सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सांगितलं मी."

"काय सांगितलंस?"

"मासळीचं. सगळं. उद्यापासून येत नाही मी."

वनमालेच्या हातातला हरळीचा तुकडा खाली पडला. आधी तिला ते कळेना, मग कळलं. "आणि माझं? माझं सांगितलंस?"

"साहेबांनी विचारलं. एका शब्दाचं काम होतं." शेवंतीनं तिला थोडा वेळ लटकत ठेवलं, एवढं तरी सुख घ्यायचंच होतं. "नाही सांगितलं. तुला काही माहीत नव्हतं म्हणून सांगितलं. आता बस तू कायम. माझ्या शब्दावर बस. पावसाळ्यात छपराखाली माती चाळत बसशील ना, तेव्हा आठव कुणी बसवलंय ते."

"माका नको तुझे उपकार!" वनमाला ताडकन उठली. तिच्या ओरडण्यानं विमला आणि सगळ्या बायका माना वर करून बघू लागल्या. "आवशीक खाव तुझ्या उपकाराक! मी आत्ता जातंय. आत्ता जाऊन साहेबाक सांगतंय, माका माहीत होता म्हणून!"

"जा ना. खोलीत आहेत दोघेही."

वनमाला तरातरा निघाली. ग्रीन ओलांडून, नळ ओलांडून, अण्णांच्या खोलीच्या पायरीपर्यंत गेली. शेवंतीनं श्वास धरून बघितलं, आणि तिला स्वतःलाच कळेना की ही आत जावी असं आपल्याला वाटतंय की जाऊ नये. वनमालेनं पायरीवर एक पाय ठेवला. तशीच उभी राहिली. घरी सहदेव भिंतीला धरून चालत होता, तिला नोकरी घालवणं परवडणार नव्हतं. तिनं पाय खाली घेतला आणि परत आली, मान खाली घालून, शेवंतीकडे न बघता, आणि आपल्या पातीवर उकिडवी बसली. तिनं खुरपं उचललं.

शेवंती जिंकली होती. फाटकापर्यंत ती ताठ चालली, एकदाही मागं वळली नाही. बाहेर रस्त्यावर आल्यावर मात्र ती एका दगडावर बसली. लवूला काय सांगायचं, मुलींना काय घालायचं, कुठल्या दारात काम मागायचं, सगळं एकदम डोक्यात आलं, आणि ती पदर तोंडात कोंबून रडली. रडता रडताच तिनं वनमालेला मनसोक्त शिव्या दिल्या, गवताला दिल्या, डुकरांना दिल्या, मेलेल्या सासूलासुद्धा सोडलं नाही. मग तोंड पुसलं, उठली आणि घरी जायला निघाली. संध्याकाळी भिंतीपलीकडे वनमाला कामावरून येणार होती, उद्याही येणार होती, आणि तिच्या चपलांचा आवाज आता रोज ऐकावा लागणार होता.